मावशीने न केलेली सही

आमच्या घरात कुणी हट्टाला पेटलं की आई म्हणते, "आली बघा मावशी अंगात." मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती झाडांच्या रोगांवर संशोधन करायची, आणि त्यातही एकाच रोगावर: प्लायवुडसाठी लावतात त्या पॉपलर झाडाच्या पानांवर पडणारा तांबेरा. ही एक बुरशी. पानाच्या पाठीवर नारिंगी पुळ्या उठतात, बोट फिरवलं की भुकटी हाताला लागते, आणि पानं अवेळीच गळून जातात. मावशीच्या बाह्यांवर ती भुकटी कायम असायची. काका फ्रिज दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "लोकांच्या बायका पावडर लावतात, माझीला गंज चढतो."

तिच्या प्रयोगशाळेत ठरावीक तापमानाच्या खोल्या होत्या. सारखीच रोपं, सारखीच बुरशी, फरक फक्त हवेचा. दहा अंशांच्या खोलीत रोग रेंगाळत आला. वीस अंशांच्या आसपास पानं पुळ्यांनी भरून गेली. तीस अंशांच्या खोलीत मात्र पानं हिरवीगार, स्वच्छ.

हे बघून तिचे साहेब खूश झाले. त्यांनी पॉपलर लावणाऱ्यांसाठी पत्रक तयार केलं: ऊन तापलं की तांबेऱ्याची भीती नाही, फवारणी नको. खाली मावशीच्या सहीसाठी जागा सोडली.

"मी नाही करणार," मावशी म्हणाली.

"का? प्रयोग तुमचाच ना?"

"माझाच. पण माझ्या खोलीत रात्र होत नाही, सर. तिथे सदानकदा तीस. बाहेर दुपारी तीस असलं तरी पहाटे गार होतं, दव पडतं, पान ओलं होतं. बुरशीला रुजायला तेवढे काही तास पुरत असतील तर?"

"असतील तर! म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही."

"नाही ना. म्हणूनच सही नाही. दिवस-रात्र बदलणारी खोली द्या, सांगते."

खोली मिळाली नाही. घरी येऊन तिने पर्स खुर्चीवर आदळली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "गार करायचं माझ्याकडे लागलं. गरम करायचं तू बघ."

त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचेच्या दाराचा, शीतपेयांचा जुना फ्रिज पडून होता. काकांनी त्यात दिवे बसवले, पंखा बसवला, वेळेवर चालू-बंद होणारं बटण जोडलं. रोगट पानं प्रयोगशाळेबाहेर न्यायला परवानगी लागायची. त्या अर्जावर साहेबांनीच सही केली, न वाचता.

पहिल्या खेपेला रोपांची चक्क भाजी झाली. दुसऱ्या खेपेला कॉम्प्रेसर बसला आणि काका-मावशीचं कडाक्याचं भांडण झालं. पुढच्या खेपेला जमलं. दुपार तापलेली, पहाट गार नि ओली. आणि पुळ्या आल्या. वीस अंशांच्या खोलीपेक्षा कमी आणि उशिरा, पण आल्या.

ते पान तिने साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी हातही लावला नाही. "आता बाटल्यांच्या फ्रिजमधलं शास्त्र शिकायचं का आम्ही?"

पत्रक त्यांच्याच सहीने निघालं. तो उन्हाळा कोरडा गेला, दवाचा थेंब नाही, तांबेरा कुठेच नाही. साहेबांनी तिला जिन्यात गाठलं. "कुठे गेला हो तुमचा रोग?"

"दवाची वाट बघतोय. मीही बघतेय."

त्यानंतर तिची बदली बियाण्यांच्या गोदामात झाली. आई समजूत घालायला गेली. "अगं, एक सही तर होती. तुझ्या नावाला काय सोनं लागलंय?"

"सोनं असतं तर विकलं असतं, ताई," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

लागवड करणाऱ्यांच्या सभेचं तिला आमंत्रण नव्हतं. ती गेली. प्रश्न विचारा म्हटल्यावर उभी राहिली. "मला प्रश्न नाही, सांगायचं आहे." साहेबांनी माइक बंद करायची खूण केली. मावशीच्या आवाजाला माइक कधीच लागला नाही. खोलीतलं, फ्रिजमधलं, सगळं तिने सांगितलं. कोरड्या उन्हाळ्यात रोग आला नाही हेही सांगितलं.

एक रोपवाटिकावाली बाई वैतागून म्हणाली, "मग आम्ही फवारायचं की नाही?"

"दुपारच्या आकड्यावर ठरवू नका. पहाटे पानाला हात लावून बघा. गार, ओलं लागलं तर पुढचे काही दिवस पानं उलटून बघत राहा. नारिंगी ठिपका दिसला तर फवारा."

काहींनी माना डोलावल्या, काही चहाला उठले. साहेब कागद चाळत बसले.

पत्रक अजून तसंच वाटलं जातं. मावशी गोदामातूनच निवृत्त झाली, पण सभा एकही चुकवत नाही. यंदा मी तिच्यासोबत गेले होते. दारावर नवी सूचना होती: प्रश्न फक्त लेखी द्यावेत. मावशीने चष्मा लावून ती नीट वाचली, चष्मा पर्समध्ये टाकला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.