भानुदासचा माठ

छावणीत शेण आणि किस्से सारखेच. रोज उचलले न्हाई तर ढीग लागतो! मी चौथी नापास. लिहायला बसलोय ते एवढ्यासाठीच, ढीग लई झालाय.

दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं गावाबाहेर गुरांची छावणी टाकली होती. मी, सगळ्यांचा आबा, चेअरमन, म्हणजे शिव्या खायचा मान माझा. सोसायटीचा रऊफ मशीनवर दुधाची फॅट मोजायचा, दुधात घातलेलं पाणी पकडायचा. आणि भानुदास माझा धाकटा चुलतभाऊ, म्हशीसकट छावणीतच मुक्कामाला.

*

भानुदास उधाणला की झोप न्हाई, तोंड बंद न्हाई. एकदा सोसायटीच्या मीटिंगमधी उभा राहिला. "आपण आइस्क्रीमची फॅक्टरी काढू! दुबईला माल पाठवू!"

धरणाच्या तळाला भेगा, प्यायला टँकर, अन् हा आइस्क्रीम काढतोय! पण बोलायचा असा, की सभासद टाळ्या वाजवाया लागले.

मी वरडलो, "पाणी कुठून आणशील बे?"

"आणायचं कशाला दादा? ह्या सगळ्यांच्या दुधात हाय की!"

टाळ्या बंद! जो तो आपापल्या कॅनकडं बघाया लागला. रऊफ एकटा पोट धरून हसत होता.

*

मग तोच माणूस म्हशीपाशी आडवा झाला. बोलणं न्हाई, जेवण न्हाई. कुणी म्हणलं बाहेरचं हाय, कुणी म्हणलं नजर. त्याच्या बायकोनं, मंदानं, कुणाचं ऐकलं न्हाई. एसटीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. माणूस कधी आभाळात, कधी आडात. लिथियमची गोळी दिली. वर ताकीद: पाणी पोटभर प्यायचं, मीठ तोडायचं नाही, अन् गोळीचं प्रमाण बघायला अधूनमधून रक्त तपासायचं.

रऊफ म्हणला, "आपल्या फॅटसारखंच की! कमी चालत न्हाई, जास्त बी चालत न्हाई."

पोटभर पाणी! दुष्काळात! मी छावणीच्या दारात माठ मांडला. टँकर आला की पहिला हंडा त्यात. "भानुदास सोडून कुणी हात लावला तर त्याचं दूध बंद!"

*

एक पुढारी छावणी बघाया आला. उन्हानं लाल झालेला. फोटो झाला अन् गेला सरळ माठाकडं. घोट घेतो न घेतो तोवर मी वरडलो, "ठेव खाली! औषधाचं हाय ते!"

त्याच्यासंगटचा माणूस कानाशी लागला, "साहेब, जनावराचं असंल."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून थुंकत होता!

*

पुढच्या खेपेला मी अन् रऊफ बी दवाखान्यात गेलतो. डॉक्टरीणबाईनं भानुदासला विचारून रक्ताची एक नळी जास्तीची घेतली. म्हणाल्या, "ह्या आजारात काहींच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. कुणाला धोका जास्त, ह्याची खूण रक्तात सापडते का ते आम्ही शोधतोय."

रऊफ उडालाच! "म्हंजी थेंब टाकला की आकडा! मला शिकवा बाई, मी रोज सकाळी त्याचं काढीन!"

बाई हसल्या. "तसं मशीन अजून नाही हो. काही खुणा दिसतात, पण एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही."

मी विचारलं, "मग तवर आमी काय करावं?"

"सरळ विचारायचं. आडून नाही."

"अन् विचारल्यानंच डोक्यात आलं तर?"

"विचारल्यानं येत नाही, आबा. आत असलं तर बाहेर येतं."

एसटीत रऊफ रुसून बसला. "एवढी शिकलेली बाई, अन् मशीन काय, तर आबाचं तोंड!"

*

एका सकाळी दुधाच्या रांगेत भानुदास हसत आला. लई दिवसांनी हसला म्हणून सगळे खूश. त्यानं म्हशीचं दावं रऊफच्या हातात दिलं. "ठेव तुला. लई जीव लावलास."

"सुधारला गडी!" रांग म्हणली.

दुभती म्हस कुणी फुकट देतं का? मी सगळ्यांदेखत वरडलो, "भान्या, जीव द्यायचा विचार हाय का बे?"

रांगेतले कॅन खाली टेकले.

त्यानं मान खाली घातली. "हाय, दादा."

टेम्पो दूध घेऊन निघालाच होता. "उतरवा कॅन!" भानुदास मधी, एका बाजूला मंदा, एका बाजूला रऊफ, पार दवाखान्यापर्यंत. सगळ्या गावाचं दूध नासलं. फॅटच्या एका पॉइंटसाठी माझी गचांडी धरणारे सभासद! एकानं ब्र काढला न्हाई.

*

दवाखान्यातून आला. गोळ्या बदलल्या. रऊफनं दावं परत दिलं. मी रोज रांगेतच विचारायचो, "काय बे?"

"आज न्हाई, दादा." एखाद्या दिवशी, "थोडा हाय, दादा." मग मंदा डॉक्टरीणबाईला फोन लावायची, अन् रऊफ मशीन सोडून त्याच्यापाशी बसायचा.

असंच एका सकाळी त्यानं कॅन ठेवला. रऊफनं दुधात लॅक्टोमीटर सोडला. बघितलं. परत बघितलं. अन् नाचायाच लागला!

"आबा! पाणी! भानुदासनं दुधात पाणी घातलंय!"

गडी परत आमच्यासारखा झाला! सगळ्या रांगेनं टाळ्या पिटल्या! मंदा तोंडाला पदर लावून हसत होती.

मी चेअरमन पडलो. दरडावलंच. "एवढ्या दुष्काळात पाणी कुठून आणलंस बे?"

"माठातलं हाय, दादा. पिऊन उरलं."