एक दिवसाआड सुई

भिवंडीच्या दंगलीत अब्बांचे कापडाचे सहाही लूम जळाले. त्यानंतर ते सकाळपासून ओट्यावर बसून राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सलामाला उत्तर द्यायचे, आणखी काही बोलायचे नाहीत. घरात मी, आई आणि शाळेत जाणाऱ्या दोन बहिणी. मी नर्सिंगचा छोटा कोर्स केला होता, पण आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत तेव्हा मुलीने नोकरी करणं लोकांना पटत नसे. आता बोलायला तोंड कुणाला राहिलं नव्हतं. टेमघरच्या एका डॉक्टरांना दवाखान्यात बाई हवी होती. मी गेले आणि त्याच दिवशी कामाला लागले.

ते डॉक्टर आदिवासी होते. त्यांच्या पाड्यातला दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस. वसतिगृहांत राहून शिकले, मुंबईला डॉक्टर झाले आणि परत आले. कर्फ्यूच्या दिवसांत सगळ्या दवाखान्यांना कुलपं होती, तेव्हा यांनी मागचं दार उघडं ठेवलं होतं. मागच्या दाराने येणारा कुठल्या गल्लीतला, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. माझ्या मामाच्या डोक्याला त्यांनीच टाके घातले होते. त्यामुळे आई म्हणाली, "त्याच्याकडे जातेस तर जा."

दर रविवारी ते डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर जात. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडायचं आणि संध्याकाळपर्यंत माणसं तपासायची. लोक गवत कापायला, प्रेसवर गवत दाबून त्याच्या गाठी बांधायला जायचे. धुळीत राबून खोकला धरायचा आणि खोकला म्हणून कुणी दवाखान्यात येत नसे. डॉक्टरांनी पाच-सहा जणांचे एक्स-रे फोटो काढून घेतले. सगळ्यांच्या छातीत क्षय निघाला. सरकारी दवाखान्यात औषध कधी असे, कधी नसे. डॉक्टरांनी औषध कंपन्यांच्या माणसांकडून, ओळखीच्या डॉक्टरांकडून गोळ्या नि इंजेक्शनं जमवली आणि मला म्हणाले, "सिस्टर, एक दिवसाआड जावं लागेल. जमेल?"

मी हो म्हटलं. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे पाऊण तास चालत. पाड्यावरची पोरं मला लांबून बघून ओरडायची, "सुईवाली बाय आली."

त्या पाच-सहा जणांत एक बाई होती, माझ्याच वयाची. गवताच्या प्रेसवर कामाला जायची. पहिल्यांदा आली तेव्हा पदरात रक्त पडलेलं होतं आणि ते ती मुठीत धरून लपवत होती. दोन महिने सुया घेतल्या तशी तिची गालफडं भरली. प्रत्येक सुईला घराच्या कुडावर ती कोळशाने एक रेघ ओढायची.

"बाय, अजून किती सुया हायेत?"

"आणखी दोन महिने. मग नुसत्या गोळ्या."

"मंग मी प्रेसवर जाऊ?"

"आत्ताच जाऊ नको."

ती हसायची. जात होतीच, मला ठाऊक होतं. परत निघताना ती मला ओहोळापर्यंत सोडायला यायची. चालता चालता विचारायची, तुमच्यात लग्नात काय करतात, तुम्ही रोज मासे खाता का, तुझा बाप दिवसभर बसून काय बघतो. माझ्या घरच्याबद्दल असं कुणी मला तोपर्यंत विचारलं नव्हतं.

निवडणूक लागायच्या महिनाभर आधी दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांतले तिघे आले आणि पेशंटच्या बाकावर बसून राहिले. लोकसभेची जागा आदिवासींसाठी राखीव होती. त्यांना असा माणूस हवा होता ज्याला पाड्यावरही ओळखतात आणि भिवंडीच्या गल्ल्यांतही. डॉक्टरांनी आठवडाभर हो-नाही केलं. मग एका दुपारी पेशंट संपल्यावर मला म्हणाले, "सिस्टर, मी किती जणांना पुरणार? औषध सरकारी दवाखान्यात यायला पाहिजे, नाहीतर मी मेलो की सगळं संपलं. ते दिल्लीत बसल्याशिवाय होत नाही."

त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. आजही त्यात खोट काढता येत नाही.

दवाखान्याची पुढची खोली प्रचाराचं ऑफिस झाली. तपासायचं टेबल पत्रकांनी भरलं. मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायला अक्षर चांगलं म्हणून मला बसवलं. पहिल्या आठवड्यात मी पाड्यावर दोनदाच जाऊ शकले. दुसऱ्या आठवड्यात एकदा. मी डॉक्टरांना विचारलं. ते जीपमध्ये चढत होते. म्हणाले, "गोळ्या महिनाभराच्या देऊन ये. इंजेक्शनं निवडणूक झाली की पुन्हा चालू करू. तेवढ्याने काही होत नाही."

मी गोळ्या दिल्या. कागदाच्या पुड्या करून, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. ती म्हणाली, "म्हंजे तू येनार न्हाय?"

"डॉक्टर उभे राहिलेत ना. महिन्याने येते."

"मत त्याला देऊ. पन तू ये."

मग मी माइकवर बोलायला लागले. ते असं झालं की कोन गावात सभा होती, बायका पुष्कळ जमल्या होत्या, आणि बोलणारी बाई आलीच नाही. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी तिचीच गोष्ट सांगितली. एका पाड्यावर एक बाई होती, खोकल्यातून रक्त पडायचं, नवऱ्याने आशा सोडली होती. आमचे डॉक्टर तिथे पोचले. आज ती बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालते. बायका गप्प होऊन ऐकत होत्या. शेवटी टाळ्या पडल्या. जीपमध्ये पक्षाचा एक माणूस म्हणाला, "बाईंना रोज घ्या."

रोज घेतलं. पूर्णा गावात बोलले, कारखान्यांच्या गल्ल्यांत हिंदीत बोलले, आमच्या मोहल्ल्यात एका घराच्या अंगणात नुसत्या बायकांपुढे बोलले. प्रत्येक वेळी गोष्टीत थोडी भर पडायची. आई पहिल्यांदा शेजारणींना सांगू लागली की माझी मुलगी काय करते. एक दिवस अब्बा ओट्यावरून उठून कोपऱ्यापर्यंत सभा ऐकायला आले. ते दिवस मला आवडले होते, हे लिहायलाच हवं.

त्याच दिवसांत टेमघरच्या नाक्यावर तिचा नवरा मला दिसला. आमची जीप गर्दीतून हळूहळू निघाली होती. तो रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याने हात वर केला. मीही हात केला. वाटलं, बाजाराला आला असेल.

मतदानाला पाच-सहा दिवस राहिले असताना जीप त्या पाड्यावर गेली. मी बरोबर होते. भोंगा चालू होता. एरवी पोरं धावत यायची, त्या दिवशी आली नाहीत. शाळेच्या ओसरीवर काही माणसं बसलेली होती, त्यांच्यात तिचा नवरा होता. डोकं भादरलेलं होतं. मी भोंगा बंद करायला सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कोण?"

"माझी बायकू."

"कधी?"

"चार रोज झाले."

डॉक्टर ओसरीच्या पायरीवर बसले. मी उभीच होते. नवऱ्याने सगळं सावकाश सांगितलं, आवाज न चढवता. गोळ्या त्याने दोघांत वाटल्या होत्या. त्याच्या धाकट्या भावालाही खोकला लागला होता, म्हणून एक पुडी हिला, एक त्याला. सुया बंद झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी तिला पुन्हा ताप यायला लागला, मग रक्त. तो टेमघरला आला होता. ऑफिसातल्या माणसाने त्याला बसवलं, चहा दिला, छातीला बिल्ला लावला आणि सांगितलं, डॉक्टर प्रचाराला गेलेत, मतदान झालं की ये. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा नाक्यावर त्याला आमची जीप दिसली.

माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मी तुला हात केला व्हता. तूही केलास."

तो पुढे सांगू लागला.

"शेवटी सांगत व्हती, बायला बोलाव. लई रगत पडला. सकाळची वेळ व्हती, मी पानी आनायला गेलो तवा गेली."

डॉक्टर खाली बघत होते. मग नवऱ्यानेच त्यांना विचारलं, "तुझा शिक्का कंचा?"

डॉक्टरांनी मान वर केली.

"ती बोलली व्हती, मत तुला द्याचा. आमाला शिक्का म्हाईत न्हाय."

जीपमधून आलेल्या कार्यकर्त्याने पुढे होऊन खिशातून पत्रक काढलं आणि त्यावरचं चिन्ह बोटाने दाखवलं. तो वाईट माणूस नव्हता. नवऱ्याने विचारलं, त्याने दाखवलं. नवऱ्याने पत्रक घडी घालून मांडीवरच्या टोपीत ठेवलं.

भावाला तपासलं. त्याला ताप होता. डॉक्टर म्हणाले, याला आत्ता गाडीत घ्या. तो यायला तयार होईना. शेजारच्या बायका मला म्हणत होत्या, बस, पाणी पी. मी तिच्या घरात गेले नाही. कुडावरच्या रेघा बघायच्या नव्हत्या.

परत येताना डॉक्टर जीपमध्ये एकदाच बोलले. "सिस्टर, ती गोष्ट आता सांगू नका."

"मग काय सांगू?"

"काहीही सांगा."

दुसऱ्या दिवशी गिरणगल्लीत सभा होती. मी ठरवून गेले होते की बोलायचं नाही. डॉक्टर दुसरीकडे अडकले, यायला उशीर झाला, लोक उठायला लागले. मला पुढे ढकललं. मी माइक धरला आणि माझ्या तोंडून तीच गोष्ट बाहेर पडली, पहिल्यापासून, भाऱ्यापर्यंत. टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बेटी, उस औरत को हमारा सलाम कहना." मी मान हलवली.

डॉक्टर पडले. थोड्याथोडक्याने नाही, सपशेल. गल्ल्यांनी आपापली मतं आपापल्या पक्षांना दिली. मागच्या दाराने येऊन गेलेल्यांपैकी किती जणांनी त्यांना दिलं असेल, देव जाणे. ऑफिस आवरायला मी आणि दवाखाना झाडणारी बाई दोघीच होतो. तपासायच्या टेबलावरची पत्रकं आम्ही पोत्यात भरली. डॉक्टर आतल्या खोलीत खुर्चीवर बसून होते. मी विचारलं, "पाड्यावर उद्या जाऊ?"

"जा," ते म्हणाले. "मी नाही येत."

ते पुन्हा कधी गेले नाहीत. रविवार बंद झाला. मी एकटी जायची. जुन्यांपैकी दोघांनी सुया पुन्हा घ्यायला नकार दिला, एक वीटभट्टीवर निघून गेला होता. तिचा दीर मात्र ओसरीवर येऊन बसला. त्याचं सगळं पहिल्यापासून सुरू केलं. तिचा नवरा लांब, आंब्याखाली बसून बघायचा. भाऊ बरा व्हावा असं त्याला वाटत होतं, पण माझ्याजवळ यायचं नव्हतं. मीही कधी त्याच्यापाशी गेले नाही. माफी मागावी असं वाटायचं आणि मागितली तर तो "असू दे बाय" म्हणेल याची भीती वाटायची.

तिसऱ्या महिन्यात गवताचा हंगाम सुरू झाला आणि दोघे भाऊ कुटुंबासकट कामावर गेले. कुठल्या प्रेसवर, कुणाला सांगता येईना. मी वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तीन-चार प्रेसवर जाऊन विचारलं. गोळ्यांची पिशवी माझ्याकडेच राहिली.

डॉक्टर पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभे राहिले, दुसऱ्या पक्षाकडून. त्यांनी माझ्याकडे माणूस पाठवला होता. तोवर मी दवाखाना सोडून नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात लागले होते. ड्युटी आहे, सुट्टी मिळणार नाही, असं सांगून मी त्याला परत पाठवलं. तेव्हाही ते पडले. नंतर त्यांचं पिणं वाढलं, असं लोक सांगायचे. दवाखाना मुलाने विकला. तिथे आता काय आहे ते मी जाऊन बघितलेलं नाही.