सुखदेवची तीन चित्रं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सुखदेवला तर — त्यालाच नाही.

पांढरकवड्यात आम्ही दोघं दुकानांच्या पाट्या रंगवायचो. तो तांड्यावरचा, मी तहसीलमधल्या कारकुनाचा मुलगा. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. नवं दुकान कोण काढणार, पाटी कोण रंगवून घेणार? काम उरलं होतं ते बियाण्यांच्या कंपन्यांचं — भिंती, पाकिटं, कॅलेंडरं. ते मिळवायचं तर विक्रेत्यांच्या मेळाव्यात कंपनीच्या साहेबांच्या मागेपुढे करावं लागे. मला ते जमायचं. कुणाची तरी ओळख काढायची, जेवणाच्या रांगेत हळूच फाइल उघडायची.

सुखदेवला साहेब दिसला की घाम फुटायचा. मी यवतमाळच्या मेळाव्याला निघालो तेव्हा त्यानं आपली तीन चित्रं माझ्या फाइलीत घातली. “तुले बोलता येते. माहे बी दाखवजो.”

दाखवली. पण मुद्दाम शेवटी ठेवली होती — तेही सांगून टाकतो. साहेबानं माझी भराभर उलटली आणि सुखदेवच्या चित्रावर थांबला. कापूस वेचणारी बाई, कमरेची ओटी कापसानं दोन्ही बाजूंना फुगलेली, एक हात कमरेवर. नुसती पाठ दिसत होती, तरी ती किती दमलीय ते कळत होतं.

“हे कुणाचं? त्याला घेऊन या.”

विचार करायला किती वेळ लागावा? मला लागलाच नाही. “त्यानं काम सोडलं, साहेब,” मी म्हणालो. “आता मीच करतो.”

काम मला मिळालं, पुढे कितीतरी वर्षं मिळत राहिलं. आणि सुखदेवला — निदान गप्प तरी बसायचं होतं ना? — सुखदेवला मी सांगितलं, तुझी चित्रं पसंत पडली नाहीत.

तो हसला. “मले वाटलंच होतं.”

त्याच हंगामात तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला. ब्रश पुन्हा धरला नाही.

मागच्या महिन्यात घरी आला होता, पोरीची चित्रांची वही घेऊन. “खरं सांगजो. चित्राचा हात नसन तं आताच सांगून देतो तिले. माह्यावानी उगाच आस लावून नाई बसली पाहिजे.”

वही चाळली. चित्रं चांगली होती. चांगली आहेत, म्हणालो.

त्याचे डोळे भरून आले. “माह्या घरात कोणाले तं आलं.”

तेव्हा सांगता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. तो समोरच बसला होता, वही मांडीवर धरून.

मी त्याला विचारलं, चहा घेतोस का.