वाळ्यांची तार

भाई गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या घराच्या ओट्यावर सुके बोंबील निवडत बसले होते. हातातलं खाली ठेवायचंही सुचलं नाही... आदल्याच आठवड्यात मी त्याला मुंबईला भेटून आले होते. खूप बारीक झाला होता, पण थट्टेची खोड गेली नव्हती. मी निघताना म्हणाला, "तारेचं आईला सांगू नकोस हं." आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी म्हटलं, "नाही सांगत."

भाई माझा थोरला भाऊ. आमच्या मच्छीमारांच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पाण्यात काय मिसळलंय ते विजेच्या साहाय्याने ओळखणारी उपकरणं त्याने जन्मभर तयार केली. त्याची सुरुवात झाली ती आमच्या विहिरींपासून. साठच्या दशकाची सुरुवात असेल. खाडीचं पाणी शिरून किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होत चालल्या होत्या. भाई तेव्हा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत उमेदवारी करत होता. चांदीच्या तारेवर मिठाच्या पाण्यात वीज सोडून काळपट थर चढवायचा, मग ती तार विहिरीच्या पाण्यात बुडवली की मीटरचा काटा खारेपणा सांगेल, अशी त्याची कल्पना. तार त्याने सोनाराकडून स्वतःच्या लहानपणीच्या वाळ्यांची ओढून घेतली होती. प्रयोगशाळेत जमतं ते विहिरीवर जमणार नाही, असं त्याच्या सरांचं ठाम मत. शेवटी ते म्हणाले, मी येऊन बघतो, नाही जमलं तर हा विषय बंद. भाईची झोप उडाली.

मी उधव्याच्या शाळेत शिकवत होते, सुट्टीला घरी आले होते. सर यायच्या सकाळी भाई अंघोळीला गेला आणि आईने ती तार त्याच्या काळ्या काचेच्या बाटलीतल्या मिठाच्या पाण्यातून काढून चुलीतल्या राखेने घासली, रिठ्याच्या पाण्यात धुतली. पाहुणा यायचा म्हणजे घरातली चांदी उजळायची, ही आमच्याकडची रीत. त्यात ही तर लेकाच्या वाळ्यांची.

"किती काली पडलेली रं," भाई समोर येताच ती म्हणाली, "साहेबाला अशी दावशील?"

तार लखलखत होती. इतकं जपून चढवलेला थर राखेबरोबर न्हाणीत वाहून गेला होता. मला वाटलं, आता हा ओरडणार. भाईने तार हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली... "छान निघाली गं आई," म्हणाला. मग मला मागच्या दारी नेऊन हळूच म्हणाला, "मीठ आण. आणि बाबांची बॅटरी." बाबांच्या होडीवरच्या बॅटरीतले सेल काढून त्याने वाटीतल्या खाऱ्या पाण्यात पुन्हा थर चढवायला घेतला.

सर आले. ताज्या थराची तार स्थिरावायला वेळ घेते, हे मला नंतर कळलं. पहिल्या विहिरीवर काटा नुसता भरकटत राहिला.

"इतक्या दिवसांची तयारी ही?" सरांनी विचारलं.

"चूक माझी, सर. तार नीट ठेवली नाही मी." आई शेजारीच चहा घेऊन उभी होती. भाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दुपारपर्यंत थांबाल का?"

सर थांबले, बोंबलाचं कालवण जेवले. उन्हं कलताना काटा जागेवर राहू लागला. खाडीलगतची विहीर खारी, आशागडच्या चिकूवाडीतली गोड. सरांनी दोन्हींचं पाणी स्वतः चाखून पाहिलं आणि परतीच्या वाटेवर मीटरची पेटी स्वतःच उचलून घेतली. विषय चालू राहिला.

आईची मात्र पक्की समजूत झाली की काम झालं ते तार उजळल्यामुळे. भाई घरी आला की "आण तुजी तार" म्हणून ती हात पुढे करायची. तो निमूट द्यायचा आणि मुंबईला जाऊन पुन्हा थर चढवायचा. मी एकदा चिडून म्हटलं, सांगून टाक ना तिला.

"आई तार कुठे घासतेय?" तो म्हणाला. "माझे वाळे घासतेय ती."

परवा वहिनींनी ती काळ्या काचेची बाटली माझ्या हाती दिली. आतलं पाणी आटत आलं होतं. मी मीठ विरघळवून पाणी भरलं आणि बाटली कपाटात उजेडापासून दूर ठेवली. तार काळी आहे, तशीच राहील. घासणारी केव्हाच गेली, आणि आता घासू देणाराही.