दोन मिनिटांचा फोन

आमच्या घरात चहासुद्धा मानाप्रमाणे फिरतो. पूर्वज दरबारात कारकून होते, पण कारकून म्हटलेलं घरात खपत नाही, मुत्सद्दी म्हणायचं. दरबार गेला, दिमाख गेला, आता ग्वाल्हेरात हरिशंकरपुरमच्या तीन खोल्यांत राहतो. तरी थोरल्याच्या आधी धाकट्याने तोंड उघडायचं नाही, हा रिवाज आम्ही लोणच्यासारखा मुरवून ठेवला आहे. मी या घरातला सर्वांत धाकटा. वय एक्केचाळीस.

ताई अंदमानातल्या एका लहानशा बेटावर नर्स आहे. चक्रीवादळ त्या बेटावरून गेलं आणि तीन दिवस तिचा फोन लागेना. ते तीन दिवस नातेवाईक आमच्याकडे ठाण मांडून होते. धीर द्यायला आलेली माणसं एवढा चिवडा खातात, हे मला माहीत नव्हतं. टीव्हीवर उडालेली छपरं बघत नई सडकवरची आत्या म्हणाली, "आपल्याकडे पण तर आंधी येते. पण हे लोक समुद्राच्या मधोमध राहतातच कशाला?" जणू त्यांनी हट्टाने बेट मागून घेतलं होतं. मला तिची किळस आली.

चौथ्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला. बाबांच्या मागे काका थोरले, तेव्हा फोन त्यांनीच उचलायचा. त्यांनी स्पीकर लावला. ताईच होती.

"काका, पोलीस चौकीच्या सॅटेलाइट फोनवरून बोलतेय. दिवसातून एकच फोन मिळतो, दोन मिनिटं. माझे पाच पेशंट अंथरुणाला खिळलेत, इथवर येऊ शकत नाहीत. त्यांच्या मुलांचे नंबर लिहून घ्या आणि आईबाप जिवंत आहेत एवढं कळवा."

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. स्पष्ट ऐकलं.

"लिहितो ना बेटा," काका म्हणाले. "पहले तू सांग, तू कशी आहेस?" मग तिने ग्वाल्हेरला बदली का मागायला हवी, यावर त्यांचं भाषण झालं. नंतर वयाप्रमाणे आत्या. "तुला किती बार बोलले होते, इतकं दूर नको जाऊस." ताई मधे मधे "लिहून घ्या" म्हणत होती आणि आत्या रडत होती. मग काकू.

माझ्या खिशात पेन होतं. मी ते काढून हातात धरलं आणि माझी पाळी यायची वाट बघत उभा राहिलो. पाळी आली तेव्हा मी विचारलं, "ताई, जेवलीस का?"

"लिही," ती म्हणाली. "नऊ, चार..." आणि फोन कटला.

खोलीत आनंदीआनंद झाला. काकांनी पेढे मागवले. गावातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना ताई सुखरूप असल्याचे फोन गेले. त्या पाच नंबरांचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोनजवळ खुर्ची टाकून बसलो. काका आले तरी उठलो नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराण्याला काळिमा फासला होता.

ताईने चार नंबर सांगितले. मी आकडे परत वाचून दाखवले.

"पाच होते ना?"

"पाचवी एक म्हातारी होती," ताई म्हणाली. "मुलाला कळलंय, एवढंच तिला ऐकायचं होतं. मी तिला खोटं सांगू शकले असते, पण नाही सांगितलं. पहाटे गेली ती. तिच्या मुलाला उद्या मीच फोन करीन."

तिने कोणालाच दोष दिला नाही. मला तो हवा होता.

ते चार फोन करायला मला सहा मिनिटं लागली. एकाचा बाप जिवंत आहे म्हटल्यावर तो फोनवरच रडायला लागला आणि मला देवमाणूस म्हणाला. मी ते ऐकून घेतलं.