मामाच्या कपाळावरचा भंडारा

कोलोडियन हे चिकट रसायन काचेवर ओतून जुन्या पद्धतीचे फोटो काढायला लागून वर्ष होत आलं होतं, आणि माझ्या काचांवरचा थर अजून कांद्यासारखा सोलून निघत होता. त्यात आईचा फोन आला, "डॉक्टरांनी हात टेकलेत, मामाला बघून ये." मामाचा घरात एक धड फोटो नव्हता. मी रडत रडत लाकडी कॅमेरा प्रवासासाठी बांधायला घेतला.

सकाळची गाडी धरली की ऊन टळतं म्हणतात. कसलं टळतं! सोलापूरला उतरल्या उतरल्या डोकं तापलं. ओली काच वाळायच्या आत फोटो काढून धुवावी लागते, आणि उन्हात ती झटकन वाळते, म्हणून सात रस्ता चौकाजवळ बर्फ घेतला. तिथंच पिशवीतून लव्हेंडरचा वास आला. लव्हेंडरचं तेल घातलेल्या वार्निशची बाटली पार सांडली होती. फोटो काचेवर भुकटीसारखा बसतो, वार्निश नसेल तर बोटानंही पुसला जातो. म्हटलं, नंतर येऊन लावू. तुम्ही जाणार असाल तर इथंच कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन घ्या. मी न खाताच निघाले.

अक्कलकोटच्या एसटीनं फाट्यावर उतरले, पुढं चालत. मामा मेंढरांच्या वाड्याशेजारी घोंगडीवर बसला होता. नुसती हाडं आणि मिशा, आणि कपाळभर भंडारा.

"मामा, या काचेवर पिवळं काळं येतं रे. तेवढा भंडारा पुसू?"

मामी कडाडलीच. "पुसतीस? आगं, कपाळ पुसायचं असतंय व्हय?"

"ऱ्हाऊ दे की," मामा म्हणाला. "काळं आलं तरी बिरोबाला कळतंय."

पहिल्या काचेचा थर सोलून निघाला. दुसरीला मामाला खोकल्याची उबळ आली. हलू नकोस म्हणताना माझी मलाच लाज वाटली. तिसरीला बाटल्या बर्फात ठेवल्या, मामीकडून अंडं मागून काचेच्या कडांना पांढरं लावलं. मामानं काठीवर हनुवटी टेकली आणि श्वास धरला. मिशीचा केस न केस आला! वर्षभरातली माझी सगळ्यात चांगली काच, आणि कपाळ काळंकुट्ट.

"मिशा लई झ्याक," मामा म्हणाला. मामी काळ्या कपाळाकडं बघत राहिली.

मागं काळं असलं तरच काचेवरचा फोटो नीट दिसतो, म्हणून घरात काळ्या फळीला काच टेकवून ठेवली. हात लावू नका, वार्निश घेऊन येते, असं बजावून निघाले. महिना व्हायच्या आत मामा गेला.

दहाव्याला वार्निश घेऊन गेले. काचेला हार होता, आणि कपाळावर ताजा, दाट भंडारा. त्याच्याखाली भुवया नव्हत्या. एक डोळा अर्धा गेलेला.

"रोज लावते गं," मामी म्हणाली. "त्यांचं कपाळ काळं कसं ठिवायचं?"

"बरं केलंस मामी," म्हटलं.

आता घरी आहे. काचेवरचा थर सोलून निघू नये म्हणून काय करावं, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. अंड्याचं पांढरं लावा. वार्निशची बाटली तशीच भरलेली परत आणली, ती बघवत नाही. काल मामीचा फोन आला, आता फक्त मिशा राहिल्यात म्हणाली. काच केली त्याच दिवशी तिचा मोबाइलवर फोटो काढला होता, तो मोठा करून पाठवते म्हटलं.

"नगं," मामी म्हणाली. "त्यात कपाळ काळं हाय."