पात्यातली खळ

चितेगावच्या भागूबाईकडं चाळीस मेंढरं होती आणि पवनचक्कीच्या पात्याचा एक तुकडा. होडीसारखा खोलगट, चांगला पुरुषभर लांब. दोन हजार सोळाच्या दुष्काळात पैठण रोडवरच्या एका कारखान्यामागं तो बेवारस पडला होता. तिनं मागितला, तर अडगळ जातेय म्हणून वॉचमननं स्वतःच बैलगाडीत चढवून दिला. तेव्हापासून टँकरचं पाणी त्यात पडायचं आणि मेंढरं त्यात तोंड घालायची. भोवतीच्या माळावर प्लॉट पडले, शेड उठल्या, चराई रस्त्यापलीकडं गेली. पातं जागचं हललं नाही.

आठ वर्षांनी, पुन्हा टँकरच्याच उन्हाळ्यात, एक जीप थांबली. पद्मजा नावाची इंजिनिअर उतरली आणि माणसांशी बोलायच्या आधी गुडघे टेकून पात्यावरून हात फिरवू लागली. भागूबाईला वाटलं, बाईला ऊन लागलं.

"मावशी, हे मला द्याल?"

"आन् मेंढरं काय तुमच्या गाडीत पाणी पितील?"

पद्मजा हसली आणि खालीच बसून सांगू लागली. पवनचक्कीचं पातं म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड आणि चिकटवण. एकदा घट्ट झालं की सुटत नाही, म्हणून म्हातारी पाती जमिनीत पुरावी लागतात. पाती बनवणाऱ्या त्या कारखान्यानं तेव्हा नवी चिकटवण करून पाहिली होती, सिरक्यासारख्या आम्लात गरम केली की सुटणारी. आठ वर्षं ऊन-पाणी खाऊनही ती सुटते का, हे सांगायला एवढा एकच तुकडा उरला होता.

"म्हंजी इतकी वर्सं माझी मेंढरं तुमची नोकरी करत व्हती," भागूबाई म्हणाली. "आधी दुसरा हौद आणा."

निळा प्लास्टिकचा हौद आला. चाळीसही मेंढरांनी तो हुंगला आणि तोंडं फिरवली. दोन दिवस पद्मजा रोज येऊन मेंढरांची समजूत काढत होती. तिसऱ्या दिवशी भागूबाईनं पात्याच्या तळाचं गढूळ पाणी नव्या हौदात ओतलं, तेव्हा कुठं मेंढरं प्यायली. पातं टेम्पोत चढलं. त्याच्या आधी भागूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

"इतकी वर्सं सांभाळलंय. कुठं नेताय ते बघू तर द्या."

प्रयोगशाळेत पात्याचा एक तुकडा कापून कढत आम्लात सोडला. लोणच्याची बरणी उघडल्यासारखा वास सुटला. दुपारपर्यंत चिकटवण सुटली. दोघा कामगारांनी काठीनं ढवळून चिमट्यानं वर काढला, तर नुसता पांढरा गुंता.

पद्मजाचा चेहरा उतरला. "नव्या पात्यांचंही हेच होतं. चिकटवण सुटते, पण धागे कामाचे राहत नाहीत."

भागूबाईला हसू आवरेना. तिच्या सासरी घोंगड्या विणायचे. सुताला चिंचोक्याची खळ लावण्यात तिची अर्धी उमर गेली होती.

"ही खळच की, म्याडम. लावायची असू द्या नायतर काढायची, सूत ताणलेलं पायजे. तुमी तर आमटी ढवळल्यागत ढवळताय."

कामगार एकमेकांकडं बघू लागले. पद्मजानं मात्र वही बाजूला ठेवली आणि स्टीलच्या जाळीची चौकट मागवली. दुसरा तुकडा दोन जाळ्यांमध्ये दाबून आम्लात सोडला. ढवळायला कुणी हात पुढं केला की भागूबाई नुसती बघायची. हात मागं जायचा. मग वरून हळू पाणी सोडलं आणि कापडाचे पदर एकेक करून सुटे झाले, अखंड.

भागूबाईनं हात लावायला पुढं केला. पद्मजानं धरला. "मावशी, काच आहे. टोचेल."

"घोंगडीबी टोचती," ती म्हणाली, पण हातमोजे घातले आणि पदर बोटांत धरून विणकर बाईच्या नजरेनं उजेडात पाहिला. "ईण चांगली हाय."

त्यानंतर दर मंगळवारी तिला प्रयोगशाळेत न्यायला जीप यायची. त्या दिवशी मेंढरं सून बघायची. अहवालात चौकटीला 'भागूबाई चौकट' असं नाव दिल्याचं पद्मजानं तिला कौतुकानं वाचून दाखवलं. भागूबाईचं लक्ष कोपऱ्यातल्या पिंपाकडं होतं.

"ह्या आंबट पाण्याचं काय करता? वढ्यात सोडता का?"

"नाही हो मावशी. गाळून परत वापरतो."

"मग ठीक हाय," असं म्हणून तिनं हातमोजे चढवले.